खेळून पोट भरतं का?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात पालकसभा झाली. सभा संपली, चहा झाला, बहुतेक पालक निघून गेले, तरी एक बाई दारापाशी थांबून होत्या. त्यांची मुलगी आमच्याकडे बी. कॉम.च्या थर्ड सेमला आहे. उंच, काटक आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी ही मुलगी मैदानात मात्र सगळ्यांच्या पुढे असते. आमच्या बास्केटबॉल संघाचा सगळा भार तिच्यावर. बेंगळूरच्या एका क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली होती आणि घरात त्यावरून आठवडाभर वाद चालू होता. वडील मराठी, आई कन्नड. वडिलांचं म्हणणं, जाऊ दे. आईचं म्हणणं, डिग्री होऊ दे, मग बघू.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘आटा आडिद्र होट्टि तुंबतैतेनरी मॅडम?’’

आपल्या भागात हा प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच काळजीनं विचारला जातो. मी अर्थशास्त्र शिकवते. मागणी-पुरवठ्याचे आलेख मी वीस वर्षं फळ्यावर काढत आले. पण त्या क्षणी मला सरळ उत्तर देता आलं नाही. ‘‘बघू या, पी. डी. सरांशी बोलते,’’ असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. बास्केटबॉल खेळून खरंच पोट भरलेली बाई जगात कोण आहे, आणि ते कसं भरलं, हे नीट बघावं म्हणून मी वाचायला बसले. जे हाती लागलं ते त्या आईसाठी आणि तिच्यासारख्या इतर आयांसाठी इथे लिहीत आहे.

दोन भाषांच्या घरातली मुलगी

माझ्या वाचनात सारखं येत राहिलेलं नाव म्हणजे डायना टोरासी. जन्म ११ जून १९८२, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. वडील मारिओ जन्मानं इटालियन, वाढले अर्जेंटिनात. तरुणपणी ते फुटबॉलमध्ये गोलकीपर होते. आई लिलियाना अर्जेंटिनाची. हे कुटुंब अमेरिकेत येऊन चिनो नावाच्या गावात राहिलं. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजावून सांगायला नको. सकाळी आजीशी मराठीत भांडून शाळेत कन्नडमध्ये कविता म्हणणारी पोरं आपल्या गल्लोगल्ली आहेत.

मुलगी बास्केटबॉलमध्ये चमकली आणि देशभरातली विद्यापीठं तिच्या मागे लागली. आईला वाटत होतं, पोरीनं घराजवळ लॉस एंजेलिसलाच शिकावं. मुलीनं निवडलं कनेक्टिकट, म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. हे वाचताना मला पालकसभेतल्या बाई आठवल्या. चिनो काय आणि बेळगाव काय, आईची नजर अंतरावरच असते!

कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघानं २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. टोरासी त्या संघाचा कणा होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगनं, म्हणजे डब्ल्यूएनबीएनं, नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा सगळ्यात पहिलं नाव तिचं आलं. फिनिक्स मर्क्युरी या संघानं तिला घेतलं. त्याच वर्षी अथेन्सला तिला ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. बाविसाव्या वर्षी याहून जास्त काय हवं?

पण पगार? त्या निवडीतल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीलाही वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास मिळत होते. अमेरिकेत ते साध्या नोकरदाराचं उत्पन्न झालं. पुरुषांच्या लीगमध्ये त्याच जागेवरचा मुलगा कोट्यधीश होत होता. शिवाय महिलांचा हंगाम उन्हाळ्यातल्या चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत काय करायचं?

त्याचं उत्तर युरोपमध्ये होतं.

ट्राम कंपनीचा संघ

युरोपमधलं महिला बास्केटबॉल अमेरिकेतल्या लीगच्या कितीतरी आधीचं आहे. डब्ल्यूएनबीए सुरू झाली १९९७ मध्ये. युरोपमधल्या विजेत्या क्लबांची महिलांची स्पर्धा १९५० च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. ही स्पर्धा पुढे युरोलीग म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावर पहिली दोन दशकं जवळजवळ एकाच संघाचं राज्य होतं. तो संघ लॅटव्हियाच्या रीगा शहरातला, नाव टीटीटी. ही तीन अक्षरं म्हणजे शहरातल्या ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणाऱ्या संस्थेची. शहराच्या वाहतूक संस्थेचा महिला संघ, आणि त्यानं १९६० ते १९८२ या काळात अठरा वेळा युरोपचं विजेतेपद मिळवलं!

या संघाची सगळ्यात मोठी खेळाडू उलियाना सेम्योनोवा. जन्म १९५२ चा, उंची सात फुटांच्या घरात. महिलांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा खेळलं गेलं ते १९७६ मध्ये माँट्रियलला. त्या वेळी आणि १९८० मध्ये मॉस्कोला, दोन्हीदा सोव्हिएत संघानं सुवर्णपदक जिंकलं आणि दोन्ही संघांत ती होती. सोव्हिएत व्यवस्थेत खेळाडू कागदोपत्री हौशीच असे. परदेशातल्या क्लबात पैसे घेऊन खेळायला ती गेली ती थेट १९८७ मध्ये, आधी स्पेनला आणि मग फ्रान्सला. तेव्हा तिची पस्तिशी आली होती. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला. असा मान मिळालेली अमेरिकेबाहेरची ती पहिली स्त्री.

सेम्योनोवाबद्दल वाचताना मला आपली रेल्वे आठवली. आपल्याकडेही बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचं पोट कोण भरतं? रेल्वे. फार तर एखादी बँक, पोलीस खातं, वीज मंडळ. केरळची गीतू अ‍ॅना जोस ही आपल्या देशातली नावाजलेली खेळाडू. ती दक्षिण रेल्वेकडून खेळली, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रिंगवुड हॉक्स या क्लबाकडून खेळून आली आणि २०११ मध्ये अमेरिकेत जाऊन तिनं डब्ल्यूएनबीएच्या संघांपुढे चाचणीही दिली. तिकडे संघात जागा मिळाली नाही, पण रेल्वेची नोकरी होती. ट्राम असो की रेल्वे, महिला खेळाडूच्या पाठीशी कुणीतरी नोकरी देणारा उभा असतो, हे सूत्र मला रीगापासून चेन्नईपर्यंत सारखंच दिसलं.

मॉस्कोचा मालक

टोरासी २००५ च्या हिवाळ्यात मॉस्कोला गेली. पहिलं वर्ष डायनामो मॉस्को या क्लबाकडून खेळली. पुढच्या वर्षी ती स्पार्टाक मॉस्को रीजन या संघात गेली आणि तिथून तिचं युरोपमधलं नशीब फळफळलं.

या संघाचा मालक होता शबताई काल्मानोविच. लिथुआनियात जन्मलेला हा माणूस तरुणपणी इस्रायलला गेला, तिथे व्यापारात शिरला. पुढे सोव्हिएत गुप्तहेर असल्याच्या आरोपावरून इस्रायलमध्ये पकडला गेला, १९८८ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये सुटून तो रशियात गेला आणि तिथे त्यानं अमाप पैसा केला. हे सगळं एखाद्या रहस्यकादंबरीतलं वाटावं, पण घडलेलं आहे. या माणसाला महिला बास्केटबॉलचं विलक्षण वेड. त्यानं अमेरिकेतल्या उत्तम खेळाडू बोलावल्या, त्यांना राहायला मोठं घर, फिरायला गाडी आणि ड्रायव्हर दिला, आणि अमेरिकेत मिळायचे त्याच्या कितीतरी पट पैसे दिले. टोरासीबरोबर तिची मैत्रीण सू बर्डही या संघात होती.

२००७, २००८ आणि २००९, अशी तीन वर्षं सलग स्पार्टाकनं युरोलीग जिंकली. मग २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोच्या रस्त्यावर काल्मानोविचवर त्याच्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. तो जागीच गेला. ज्या माणसाच्या शब्दावर या मुली दर हिवाळ्यात घर सोडून येत होत्या, तोच उरला नाही. तरीही संघ खेळत राहिला आणि २०१० मध्ये त्यानं चौथ्यांदा विजेतेपद मिळवलं.

अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. रशियातल्या महिला सामन्यांच्या तिकिटांतून हा खर्च निघण्यासारखा नव्हता. म्हणजे हा पगार बाजारानं ठरवलेला नव्हता, एका माणसाच्या मर्जीनं ठरवलेला होता. मर्जीचा पगार भरघोस असतो, पण त्याला मुळं नसतात.

इस्तंबूलचा हिवाळा

काल्मानोविच गेल्यानंतरचा हंगाम संपवून टोरासी २०१० मध्ये तुर्कस्तानला, इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबात गेली. तिथला नमुना वेगळा. फेनरबाचे आणि गालातासराय हे तिथले फुटबॉलचे बलाढ्य क्लब. त्यांचे लाखो चाहते. त्याच झेंड्याखाली महिलांचा बास्केटबॉल संघही खेळतो.

त्या डिसेंबरमध्ये तिच्यावर आभाळ कोसळलं. एका सामन्यानंतर घेतलेल्या नमुन्यात मोडाफिनिल हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं जाहीर झालं. नमुन्याचा दुसरा भाग तपासला, त्यातही तेच. तिनं असं काही घेतल्याचं ठामपणे नाकारलं, पण ऐकणार कोण? क्लबानं करार मोडला. ती अमेरिकेत परत गेली. अशा प्रकरणात दोन वर्षांची बंदी येऊ शकते आणि २०१२ चं ऑलिम्पिक तोंडावर होतं.

पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये अंकाराच्या त्याच प्रयोगशाळेनं आपला अहवाल मागे घेतला. तुर्की महासंघानं तिच्यावरची बंदी उठवली. ती निर्दोष होती. पण दोन महिने जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव त्या एका शब्दाबरोबर छापलं जात होतं. हंगाम गेला, त्याचे पैसे गेले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या बाजूनं बोलायला कुणी नसताना असं काही झालं तर काय होतं, याचा हा धडा. गंमत म्हणजे पुढच्याच हंगामात ती पुन्हा इस्तंबूललाच गेली, या वेळी समोरच्या गालातासराय क्लबाकडून खेळायला. मी असते तर त्या शहराचं नाव काढलं नसतं. पण पोटाचा प्रश्न असला की माणूस अपमानही घडी घालून पेटीत ठेवतो.

तांब्याचं गाव

२०१२ मध्ये ती रशियात परतली, येकातेरिनबुर्गला. हे शहर उरल पर्वताच्या पूर्वेला, मॉस्कोपासून सुमारे चौदाशे किलोमीटरवर. घड्याळात आपल्याहून फक्त अर्धा तास मागे, आणि फिनिक्सच्या बरोबर बारा तास पुढे. म्हणजे तिकडे आई रात्रीचं जेवण वाढत असेल तेव्हा इकडे लेक सकाळचा सराव करत असणार. हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस अंशांवर जातं.

इथला संघ यूएमएमसी. हे उरलमधल्या तांबं काढणाऱ्या आणि धातू गाळणाऱ्या एका प्रचंड कंपनीचं नाव. पुन्हा तेच सूत्र. ट्राम, रेल्वे, आता खाण! या संघाबरोबर तिनं २०१३ आणि २०१६ मध्ये युरोलीग जिंकली. आधीच्या चार धरून एकूण सहा.

मधल्या काळात तिचं वर्ष कसं जायचं ते बघा. मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर अमेरिकेत फिनिक्सकडून. लगेच विमान पकडून युरोप. तिथे एप्रिलपर्यंत देशांतर्गत लीग आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी युरोलीग, आज रशियात तर पुढच्या आठवड्यात स्पेन किंवा पोलंडमध्ये. एप्रिलमध्ये हंगाम संपतो न संपतो तोच फिनिक्सचा सराव सुरू. दर चार वर्षांनी ऑलिम्पिक, मधे जागतिक स्पर्धा. शरीराला सुट्टी अशी नाहीच.

मग २०१५ मध्ये एक नवलाची गोष्ट घडली. यूएमएमसीनं तिला सांगितलं, या उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे, त्याचेही पैसे आम्ही देतो. रशियात तिला हंगामाचे सुमारे पंधरा लाख डॉलर मिळत असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे त्या वेळच्या दरानं नऊ कोटी रुपयांच्या वर. डब्ल्यूएनबीएचा तेव्हाचा सगळ्यात मोठा पगार होता एक लाख सात हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण पासष्ट लाख रुपये. तिनं रशियाचं म्हणणं मान्य केलं. आदल्याच वर्षी फिनिक्सला विजेतेपद मिळवून देणारी खेळाडू मायदेशातला अख्खा हंगाम घरी बसली, आणि मायदेशापेक्षा परदेशातली कंपनी तिच्या गुडघ्यांची जास्त काळजी घेते हे जगानं पाहिलं.

अमेरिकेत मोठी चर्चा झाली. कुणी तिला स्वार्थी म्हटलं. मला मात्र वाटतं, तिनं एक साधा हिशेब जगापुढे मांडला. नोकरी बदलणाऱ्या पुरुषाला आपण ‘प्रगती केली’ म्हणतो, मग हिला वेगळा शब्द का?

हिशेबाची दुसरी बाजू

इथवर वाचून त्या बाईंना वाटेल, चला, पोट भरतं. पण वहीची दुसरी बाजूही बघायला हवी.

ब्रियाना स्टुअर्ट ही २०१८ ची डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू. एप्रिल २०१९ मध्ये ती डायनामो कुर्स्क या रशियन संघाकडून युरोलीगचा अंतिम सामना हंगेरीत खेळत होती. उडी मारून खाली आली आणि टाचेवरचा स्नायुबंध तुटला. त्या वर्षीचा अमेरिकेतला पूर्ण हंगाम गेला. तिचं वय तेव्हा चोवीस.

त्याहून कठीण गोष्ट ब्रिटनी ग्राइनरची. फिनिक्समध्ये टोरासीची सहकारी, येकातेरिनबुर्गलाही दोघी एकत्र खेळल्या. टोरासीनं २०१७ मध्ये रशिया सोडलं, ग्राइनर जात राहिली. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या आणि तिला अटक झाली. घाईत चुकून राहिल्या, असं तिनं सांगितलं. आठवड्याभरातच रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि ही खेळाडू दोन महासत्तांच्या भांडणातलं प्यादं झाली. ऑगस्टमध्ये तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. श्रमछावणीत पाठवलं गेलं. शेवटी ८ डिसेंबर २०२२ रोजी, अमेरिकेच्या तुरुंगातल्या एका रशियन शस्त्रव्यापाऱ्याच्या बदल्यात तिची सुटका झाली. जवळजवळ दहा महिने.

तेव्हा अमेरिकेतल्या अनेकांनी पहिल्यांदा विचारलं, ‘मुळात ती तिकडे जात कशाला होती?’ उत्तर पगाराच्या पावतीवर छापलेलं होतं. मायदेशी सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास, तिकडे दहा लाखांच्या वर.

युद्धानंतर रशियन क्लबांना युरोलीगचे दरवाजे बंद झाले. तांब्याच्या कंपनीनं उभारलेला, सहा वेळा युरोप जिंकलेला संघ एका रात्रीत युरोपच्या नकाशावरून पुसला गेला आणि परदेशी खेळाडू निघून गेल्या. मर्जीच्या पगाराला मुळं नसतात, ते असं. २०२३ आणि २०२४ मध्ये युरोलीग फेनरबाचेनं जिंकली, २०२५ मध्ये प्रागच्या संघानं.

इकडे अमेरिकेतही चित्र बदलू लागलं. २०२० च्या करारानं पगार वाढले, पण युरोपचा हंगाम अर्धवट ठेवून अमेरिकेत वेळेवर हजर राहा, अशी अटही आली. जानेवारी २०२५ मध्ये मायामीला ‘अनरायव्हल्ड’ नावाची हिवाळी लीग सुरू झाली. ती उभी करण्यात पुढाकार होता तो नफीसा कॉलियरचा आणि त्याच ब्रियाना स्टुअर्टचा, जिची टाच हंगेरीत गेली होती. मुलींना हिवाळ्यात परदेशी जावं लागू नये, घरीच पैसे मिळावेत, ही त्यामागची कल्पना. यात मालकीचा वाटाही खेळाडूंना दिला गेला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्राम कंपनी, खाण कंपनी, धनाढ्य मालक या सगळ्यांनंतर पहिल्यांदा खेळाडू स्वतः वहीत जमेच्या बाजूला नाव लिहू लागल्या.

टोरासी शेवटचं ऑलिम्पिक खेळली २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. अंतिम सामन्यात अमेरिकेनं फ्रान्सला ६७-६६ असं अवघ्या एका गुणानं हरवलं. टोरासी त्या सामन्यात एक मिनिटही मैदानात उतरली नाही, बाकावर बसून होती. तिचं ते सहावं सुवर्णपदक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली. डब्ल्यूएनबीएमध्ये तिच्या नावावर १०,६४६ गुण होते, निवृत्तीच्या वेळी लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त.

त्या आईला काय सांगितलं

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी मुलगीही होती. मी त्यांना टोरासीची गोष्ट सांगितली, कोट्यवधींचे आकडेही सांगितले. पण लगेच हेही सांगितलं की ती लाखात एक आहे, आणि आपल्या देशात महिला बास्केटबॉलचा पैसा अजून तिथवर पोचलेला नाही. आपल्याकडे या खेळातून फार तर रेल्वेतली किंवा सरकारी खात्यातली नोकरी मिळू शकते. मिळाली तर ती चांगली नोकरी असते, पण मिळेलच असं कुणी लिहून देत नाही.

मग मी एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. खेळाची गोष्ट कुणी घरी घेऊन आलं, तर आईबापांनी हे विचारावेत. एक, पैसे कोण देणार आणि तो उद्या नाही म्हणाला तर काय? दोन, दुखापत झाली तर उपचार कोण करणार? तीन, शिक्षणाचं काय, परीक्षा देता येईल का? चार, काही अडचण आली तर आपल्या मुलीच्या बाजूनं तिथे बोलणारं कोण आहे? मॉस्को, इस्तंबूल आणि येकातेरिनबुर्ग या तीन गावांनी मला हे चार प्रश्न शिकवले.

मुलीनं कागद वाचला. आईला कन्नडमध्ये समजावून सांगितला, वडिलांना फोनवर मराठीत. वसतिगृहात फोन करून तिनं स्वतःच विचारून घेतलं. दोन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक आली, एकाचं अर्धवट. चौथ्याला उत्तर नव्हतं. ‘‘मग चौथ्याला तुम्ही,’’ असं म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. परीक्षा इथूनच द्यायची, दर आठवड्याला वह्या पाठवायच्या, असं आमचं ठरलं. प्राचार्यांशी बोलायची जबाबदारी मी घेतली आहे.

आई अजून पुरती राजी नव्हती. तिच्या मनातलं अंतर काही कागदावर मावणारं नव्हतं. जाताना ती दारात थांबली, पालकसभेच्या दिवशी थांबली होती तशीच. आपल्या दोन्ही भाषांत घरातून निघताना ‘जाते’ असं नुसतं म्हणत नाहीत, ‘जाऊन येते’ म्हणतात. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, ‘‘होगि बरलि, मॅडम.’’

पोट भरेल की नाही, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण जाऊन येण्याची परवानगी मिळाली आहे. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं ती बेंगळूरला निघेल.